शेवटच्या रांगेचा आवाज

"या जगात कुठलाही आवाज नाहीसा होत नाही. आपण चुकीच्या जागी बसलेलो असतो, एवढंच!"

हे वाक्य मोजणीदारांनी रिकाम्या खोलीच्या मधोमध उभं राहून, एका हातात पोलादी टेप आणि दुसऱ्या हातात खडू धरून, समोरच्या भिंतीला उद्देशून उच्चारलं. भिंतीनं ते मुकाट ऐकून घेतलं. वाक्य त्यांना स्वतःलाच इतकं आवडलं होतं की आणखी एकदा, जरा सावकाश, म्हणून बघावं अशा विचारात ते होते. तेवढ्यात दारात बायको येऊन उभी राहिली.

"मग मी मघापासून गॅस बंद करा म्हणून ओरडतेय, तो आवाज कुठे जाऊन बसलाय?"

दूध उतू गेलं होतं.

मोजणीदार म्हणजे जमिनी मोजण्याच्या कचेरीतून निवृत्त झालेले गृहस्थ. त्यांनी मोजून दिलेल्या जमिनींवरून भाऊ भावाशी भांडले, काका पुतण्याशी भांडले, पण मापावरून कुणी भांडलं नाही, हा त्यांचा उभ्या आयुष्याचा अभिमान. ते निवृत्त झाले, टेप झाली नाही. भिंतीवरचं कॅलेंडर तिरकं असेल तर त्यांच्या घशाखाली घास उतरत नसे. थोरले बंधू, म्हणजे दादा, त्यांना लहानपणापासून 'फूटपट्टी' म्हणत आले होते, आणि साठी उलटली तरी त्यात काही बदल करावा असं दादांना वाटलं नव्हतं.

सध्याची सगळी धावपळ या दादांसाठीच होती.

दादा शहराच्या वाद्यवृंदात तीसेक वर्षं डबल बास वाजवत असत. डबल बास म्हणजे व्हायोलिनचे थोरले काका. माणसापेक्षा उंच, पोट सुटलेले, घोगऱ्या आवाजाचे, आणि समारंभात नेहमी मागच्या रांगेत उभे. फोटोंत पुढच्या वादकाचं टक्कल दिसे, त्यामागे वाद्याची मान, आणि त्यामागे, भिंग घेतलं तर, दादांचं अर्धं कपाळ. आवाजाचं तर कपाळाइतकंही नशीब नव्हतं. घरच्या रेडिओवर, टेपरेकॉर्डरवर, पुढे मुलांच्या फोनवर, कुठेही, कधीही दादा ऐकू आले नाहीत. वहिनी चारचौघांत सांगत, "लग्न ठरलं तेव्हा मला वाटलं होतं, ते वाद्य पडू नये म्हणून धरून उभं राहायची ह्यांना नोकरी आहे." सगळे हसत. दादाही हसत. मोजणीदारांना मात्र दादांचं ते हसू दर वेळी दोन बोटं कमी भरे.

वाद्यवृंदानं एकदा स्वतःची तबकडी काढली होती. तिच्या मधल्या संथ भागात सगळी वाद्यं थांबतात, आणि मागच्या रांगेतून एकटे दादा सात सूर वाजवतात. सातच, पण एकटे. ही तबकडी कुटुंबात पुष्कळदा लागली. त्या सात सुरांच्या जागी दर वेळी आत्या टाळ्या वाजवत आणि मामा "छान झालं हं" म्हणत चपला शोधायला उठत. कारण सगळ्यांना वाटे, संपलं.

यंदा कानाच्या डॉक्टरांनी दादांना सांगितलं, की कान हळूहळू रजेवर निघाले आहेत. आधी वरचे सूर जातील, मग खालचे. ते ऐकून मोजणीदारांनी मनाशी ठरवलं की रजा मंजूर होण्याआधी दादाला एकदा दादा ऐकवायचा. जसा वाजवला तसा, तितका, तिथून. दादा आणि वहिनी रविवारी सकाळी यायचे होते, आणि मुलगी नोकरीला परगावी गेल्यामुळे रिकामी झालेली तिची खोली त्यासाठी ताब्यात घेण्यात आली होती. बायकोची अट एकच होती, कोपऱ्यातलं लाकडी कपाट हलणार नाही.

स्पीकर आले तेव्हा बायकोनं त्यांच्याभोवती एक फेरी मारली.

"एवढा अभ्यास करून शेवटी मच्छरदाण्या आणल्यात?"

दिसायला ते होतेच तसे. दोन उंच, अरुंद पॅनेल, ज्यांच्यातून पलीकडची भिंत दिसे. नाव इलेक्ट्रोस्टॅटिक. मोजणीदारांनी समजावून सांगितलं, की यात पेटी नाही, कागदी शंकू नाही. दोन जाळ्यांच्या मध्ये साबणाच्या फुग्यासारखा पातळ पडदा ताणलेला असतो, त्याला विजेनं भारलेलं असतं, आणि गाणं आलं की तो अख्खा पडदा थरथरतो.

"विजेनं भारलेला? मग ओल्या फडक्यानं पुसायचे नाहीत?"

"बोटसुद्धा लावायचं नाही!"

"म्हणजे धूळ बसणार, आणि ती मी नुसती बघायची."

"आणि हे बघ, यांचा आवाज पुढून जितका येतो, तितकाच मागूनही जातो. म्हणून भिंतीपासून चांगले हातभर पुढे ठेवायचे."

"पुढून जितकं बोलायचं तितकंच पाठीमागून. तुमच्या कचेरीतलीच माणसं दिसतायत."

मोजणीदारांनी हे कानाआड केलं. त्यांनी जमिनीवर दोऱ्या ताणल्या, खडूनं रेघा मारल्या, ओळंबा सोडला. दोन्ही पॅनेलांचा तोल पाण्याच्या पातळीनं तपासला. पॅनेल कानाकडे नेमके वळलेत की नाही हे पाहायला पुस्तिकेत एक युक्ती दिली होती. खोलीत अंधार करायचा, खुर्चीत बसून हनुवटीखाली बॅटरी धरायची, आणि दोन्ही पॅनेलांत तिचं प्रतिबिंब एकाच जागी दिसतं का बघायचं. प्रतिबिंब बरोब्बर एकाच जागी दिसलं. त्याच वेळी चहा घेऊन बायको आत आली, आणि अंधारात हनुवटीखालून उजळलेलं नवऱ्याचं प्रसन्न मुख बघून कप तिच्या हातून सुटला. पॅनेलांवर थेंबही उडाला नाही, याबद्दल मोजणीदारांनी तिचं मनापासून कौतुक केलं. तिला ते फारसं लागू पडलं नाही.

"खुर्ची एकच का?" तिनं तुकडे गोळा करता करता विचारलं.

"आवाज एकाच ठिकाणी नीट जुळतो. बाकीच्या ठिकाणी बसलं तर अर्धवट."

"आणि दोघांना ऐकायचं असेल तर?"

"पाळीपाळीनं."

तबकडी पहिल्यांदा लागली आणि मोजणीदार गारच पडले. व्हायोलिनं एकेक करून मोजता येत होती. बासरीवाल्यानं श्वास घेतलेला ऐकू येत होता. कुणीतरी पान उलटलं, तेही उजव्या हाताला तिसऱ्या रांगेत, हेसुद्धा ऐकू आलं. भिंत गळून पडून पलीकडे सभागृह उघडावं, तसं झालं. मग संथ भाग आला. सगळे थांबले. मोजणीदारांनी श्वास रोखला.

"अगंबाई, उंदीर!" बायको म्हणाली. "कपाटामागे काहीतरी खरवडतंय."

तो उंदीर नव्हता. ते दादा होते. म्हणजे दादांच्या गजाचे केस तारेवर घासल्याचा आवाज पडद्यानं इमानदारीनं दिला होता, पण खालचा सूर, जो खरा दादा, तो गायब होता. इतक्या पातळ पडद्याला तेवढी जड हवा हलवणं झेपत नाही, हे पुस्तिकेत लिहिलेलंच होतं. त्यासाठी वेगळे सबवूफर लागतात. मोजणीदारांनी ते पान वाचलं होतं, पण मान्य केलं नव्हतं.

दोन दिवसांत दोन काळे, चौकोनी, जडशीळ डबे घरात आले. "या कोठ्यांत काय भरायचं?" असं बायकोनं विचारलं. "दादा," असं उत्तर मोजणीदारांनी गंभीरपणे दिलं.

आता काम नाजूक होतं. एका ठरावीक सुरापर्यंत पडदा गाणार, त्याच्या खाली डबा गाणार, आणि सुराची देवाणघेवाण अशी व्हायला हवी, की जणू झोपलेलं मूल एका कडेवरून दुसऱ्या कडेवर गेलं तरी त्याची झोप मोडू नये. मोजणीदारांनी बटणं केसाकेसानं फिरवली. डबे ठेवले दोन कोपऱ्यांत, दोन्ही भिंतींपासून सारख्या अंतरावर. आणि खुर्ची? खुर्चीसाठी त्यांनी खोलीचे दोन कर्ण काढले. दोऱ्या जिथे छेदल्या, तिथे खडूनं फुली मारली आणि फुलीवर खुर्ची मांडली. चारही भिंतींना न्याय मिळाला. असा शुद्ध मध्यबिंदू त्यांनी कचेरीतसुद्धा फारसा काढला नव्हता. ते तिथे बसले, तबकडी लावली, आणि संथ भाग आला.

पुन्हा उंदीरच.

त्यांनी डब्यांचा आवाज वाढवला. उंदीर. आणखी वाढवला. उंदीर. तेवढ्यात स्वयंपाकघरातून बायकोचा आवाज आला.

"अहो! आले बरं का दादा! काय भरदार वाजवतायत! ताटं थरथरतायत मांडणीवर!"

मोजणीदार धावत स्वयंपाकघरात गेले. तोवर सात सूर संपले होते. ते परत येऊन बसले, पुन्हा लावलं. खुर्चीत काही नाही. स्वयंपाकघरात दादा. मग दाराची घंटा वाजली. खालच्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर उभे होते, तोंडावर मास्क, हातांत रबरी मोजे.

"राग मानू नका," ते म्हणाले, "पण माझ्या खुर्चीतल्या पेशंटला वाटलं ड्रिल सुरू झालं. त्यानं तोंड मिटलंय, उघडतच नाही. बाकी वाजवलंय सुरेख. कोण आहे हो?"

"माझे थोरले बंधू," मोजणीदार म्हणाले. आवाजात अभिमान होता आणि डोळ्यांत पाणी. दादा खालच्या मजल्यावर पोचले होते, मिटलेल्या तोंडाच्या पेशंटापर्यंत पोचले होते. फक्त ज्या खुर्चीत दादांना बसवायचं, तेवढ्या एका खुर्चीत दादा नव्हते. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

शनिवार उजाडला. उद्या दादा येणार. मोजणीदारांनी दुकानदाराला फोन लावला.

"साहेब, खुर्ची कुठे ठेवलीत?"

"खोलीच्या मध्यबिंदूवर," मोजणीदार ताठ बसून म्हणाले. "कर्ण काढून. चूक झालीच तर सुतभर."

पलीकडून दबलेलं हसू आलं. 

"साहेब, तुमच्याइतका नेमका मध्य अजून कुणालाच सापडला नव्हता. अहो, खालचे सूर समोरासमोरच्या भिंतींवर आपटून परत येतात आणि बरोब्बर मधोमध एकमेकांना खाऊन टाकतात. जरा चुकला असतात तर थोडेतरी ऐकू आले असते!"

मोजणीदारांना हे लागलं. तीन तपं ज्या अचूकपणावर नाव कमावलं, त्याच अचूकपणानं सख्ख्या भावाला गिळलं होतं.

"मग करू काय?"

"खुर्ची मागे घ्या, मध्य सोडून. मग डबा खुर्चीवर बसवा, तबकडी लावा, आणि तुम्ही जमिनीवर रांगा."

"काय करू?"

"रांगा, साहेब. भिंतीकडेनं, कान खाली ठेवून. जिथे खालचा सूर भरदार आणि स्वच्छ लागेल, तिथे खूण करा. डबा तिथे ठेवलात की खुर्चीत तसाच ऐकू येईल."

मोजणीदारांना आधी थट्टा वाटली. मग विचार केल्यावर पटलं. दोन बिंदूंमधलं अंतर इकडून मोजलं काय, तिकडून मोजलं काय, सारखंच. हा तर त्यांच्याच खात्याचा नियम होता. फक्त खात्यात कुणी तो गुडघ्यांवर पाळला नव्हता.

दुपारी बायको खोलीत डोकावली तेव्हा मानाच्या खुर्चीवर एक काळा डबा ऐटीत विराजमान होता आणि घरचे कर्ते पुरुष भिंतीकडेनं रांगत होते. तोंडात खडू होता.

"तुम्ही बरे आहात ना?"

"शू!" मोजणीदार म्हणाले. तोंडात खडू असल्यामुळे ते "फू" असं आलं.

"मुलगी इथेच रांगायला शिकली होती," ती दाराला टेकून म्हणाली. "पण तिला दोन दिवस पुरले. तुमचं कधी आटपणार?"

गुडघे बोलायला लागले होते. कोपऱ्यात सूर ढेकर दिल्यासारखा फुगत होता, खिडकीखाली विरत होता. आणि सगळ्यात वाईट म्हणजे जिथे जिथे खोलीची मापं सुबक पडत होती, तिथे तिथे दादा पळून जात होते. अर्धा तास बायको बघत राहिली. मग तिनं पदर खोचला आणि तीही खाली बसली.

"सरका. तुम्हाला दूध उतू गेलेलं ऐकू येत नाही, तुम्ही काय शोधणार?"

ती उलट्या दिशेनं निघाली. कपाटापाशी येऊन थांबली, थोडी मागे गेली, थोडी पुढे आली, आणि हात वर केला.

"इथे. इथे छातीत वाजतंय."

मोजणीदारांनी येऊन कान लावला. खरंच. गोल, काळाभोर, पिकलेला सूर. पण जागा! कपाटाच्या कडेपासून वीतभर, भिंतीपासून तिरकी, कुठल्याही रेषेत न बसणारी. दुसऱ्या डब्याची जागा दाराच्या बाजूला निघाली, तीही तशीच बेशिस्त. मोजणीदारांनी टेप काढली, अंतरं घेतली, दोन्ही आकडे एकमेकांशी कुठेच जुळेनात हे पाहिलं, आणि टेप गुंडाळून खिशात ठेवली. संध्याकाळी मागे सरकवलेल्या खुर्चीत ते बसले तेव्हा सात सूर आले. समोरून आले, मागच्या रांगेतून आले, जमिनीवरून चालत आले. मोजणीदार उठून बायकोला म्हणाले, "बस. तुझी पाळी."

ती बसली. ऐकून झाल्यावर तिनं कपाटाकडे पाहिलं. मग म्हणाली, "कपाट हलवलं नाही ते किती बरं झालं."

रविवारी सकाळी दादा आणि वहिनी आले. दादांनी दारातून खोली पाहिली.

"काय रे फूटपट्टी, डबे असे वाकडेतिकडे? तब्येत बरी आहे ना?"

"बस दादा. बोलू नकोस."

"बोलत नाही. वरचं काही मला नीट ऐकू येत नाही हां, आधीच सांगतो. मग म्हणशील कदर नाही."

"वरचं नाहीच आहे तुझ्यासाठी."

दादा बसले. वहिनी दाराच्या चौकटीला टेकून उभ्या राहिल्या, पर्स खांद्याला तशीच, कारण ही तबकडी त्यांना पाठ होती. व्हायोलिनं आली, बासरी आली. दादांनी शिष्टाचार म्हणून मान हलवली. संथ भाग आला. सगळे थांबले. सवयीनं वहिनींनी पर्स सावरली.

आणि दादा वाजू लागले.

पहिला सूर आला तो ऐकू येण्याआधी जमिनीतून तळपायांना कळला. वहिनींचा हात चौकटीवर होता; चौकट हलकीशी थरथरली तसा त्यांनी हात उचलला, आणि मग हळूच परत ठेवला. दुसरा सूर, तिसरा. मोठं जहाज धक्क्याला लागावं तसे सूर एकेक करून येत होते, घाई नाही, गाजावाजा नाही. खोलीतली रिकामी हवा भरून आली होती. सात झाले. मग बाकीची वाद्यं परतली, आणि मोजणीदारांच्या लक्षात आलं की त्यांनी बायकोचा हात धरून ठेवला आहे.

"हे..." वहिनींनी विचारलं, "हे तुम्ही?"

"दुसरं कोण होतं तिथे?" दादा म्हणाले. त्यांचा आवाज नेहमीपेक्षा खाली होता.

"परत लावा हो भाऊजी."

परत लावलं. या वेळी वहिनींनी दादांना उठवलं आणि स्वतः खुर्चीत बसल्या. तिसऱ्यांदा त्यांनी दादांना खुर्चीत बसवलं आणि स्वतः खुर्चीच्या हातावर बसल्या. आवाज जुळतो की नाही याची त्यांना पर्वा नव्हती. मोजणीदारांनी त्यांच्याकडे पाहिलं तर त्या दादांकडे अशा बघत होत्या, जणू स्थळ आजच दाखवायला आणलंय आणि त्यांना पसंत आहे.

"तीस वर्षं मी लोकांना सांगत सुटले, धरून उभे राहतात म्हणून," त्या म्हणाल्या. "आणि सगळे ह्यांच्याच जिवावर उभे होते की!"

दादा मोठ्यानं हसले. हे हसू पुरं भरलं, मोजणीदारांनी मनातल्या मनात मोजलं. ती दोन बोटं मिळाली होती. खोलीत उभं राहून त्यांनी आपल्या वाकड्या डब्यांकडे पाहिलं, आणि कुठल्याही सरळ रेषेबद्दल आजवर वाटला नव्हता इतका अभिमान त्यांना त्या तिरक्या जागांबद्दल वाटला.

वहिनी तोवर फोन घेऊन बाहेरच्या खोलीत गेल्या होत्या. तिथून त्यांचा आवाज येत होता. "हो, आत्यांनाही आणा. मामांना सांगा, चपला घालायची घाई नको. पुढच्या रविवारी! सगळे या!" मोजणीदारांची बायको मागून सुचवत होती, "पाळीपाळीनं बसावं लागेल म्हणावं!"

दादांनी बोटानं धाकट्या भावाला जवळ बोलावलं. मोजणीदार खाली वाकले. दादा गहिवरून काहीतरी बोलणार, हे त्यांना दिसत होतं, आणि ते कौतुक नम्रपणे नाकारायची त्यांनी तयारीही केली होती.

"सगळं कसं मापात केलंयस रे. मी वाजवलं तसंच्या तसं."

"मग, दादा! केसाचाही फरक नाही."

"तेच म्हणतो मी." दादांनी दाराकडे एकदा पाहून घेतलं. "चौथा सूर उतरलाय."

"काय?"

"हळू! बोट जरा घसरलं होतं माझं. तेव्हा कुणाला म्हणजे कुणालाच कळलं नाही. काठी हलवत समोर वाद्यवृंद चालवत होता, त्यालासुद्धा नाही. इतकी वर्षं मी अगदी निवांत होतो."

बाहेरून वहिनी सांगत होत्या, "कान उघडे ठेवून या मात्र! एकेक सूर सुटा ऐकू येतो!"

दादांनी भावाच्या सदऱ्याची बाही धरली.

"रविवारी मंडळी आली की, फूटपट्टी, तेवढ्या एका सुरापुरते ते डबे बंद करशील?"